बंदीच्या ६१ दिवसांत उंदरांपासून घर, मांगर आणि होडी कशी सांभाळायची



१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. ६१ दिवस. केरी, हरमल, मांद्रे, मोरजीला होड्या वर ओढून झावळ्यांखाली जातात. जाळी धुऊन, सुकवून मांगरात पडतात. मोटर घरात येते. म्हापशाच्या बाजारातून पुरुमेंत आणून झालेलं असतं: उकडे तांदूळ, मिरची, सोलं, खारे बांगडे, सुकी सुंगटं, गालमो. बाहेर पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर कोरडी जागा शोधत घराकडे येतो. घरात कोरडी जागा आहे, खाणं आहे, बिछाना करायला जाळी आहेत, आणि दोन महिने कोणी हात लावणार नाही. त्याला यापेक्षा आणखी काय पाहिजे?

ऑगस्टला जाळी काढली की मग कळतं. कांडाळीच्या मधोमध हातभर भोक, बोये कुरतडलेले, मोटरीची पेट्रोलची नळी दातांनी चाळण झालेली. मोसमाचा पहिला आठवडा दुरुस्तीत जातो. पण नुकसान फक्त पैशाचं नाही. उंदरामुळे लेप्टोचा ताप येतो, आणि उंदरासाठी आणलेल्या विषामुळे घरातली मुलं दगावतात. म्हणून या विषयावर एकदा नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितो आहोत. सवडीने वाचा आणि घरात वाचून दाखवा.

१. आधी पाहुणा ओळखा

आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो, पण आपल्या भागात घराभोवती मुख्य तीन जाती असतात. तिघांचा उपाय वेगळा आहे.

घरातला लहान उंदीर. वजन फार तर २०-३० ग्रॅम. कपाटात, फळीवर, तांदळाच्या डब्यामागे राहतो. लेंडी तांदळाच्या कणीएवढी, टोकदार, ३ ते ६ मिलिमीटर. शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतून हा आत येतो. बिळापासून फार लांब जात नाही, पाच-दहा मीटरमध्ये त्याचा संसार. म्हणजे लेंड्या जिथे दिसतात, तिथेच जवळपास त्याचं घर आहे.

माळ्यावरचा काळा उंदीर. शरीरापेक्षा शेपूट लांब, कान मोठे. कौलांखाली, वाशांवर, माडाच्या शेंड्यात राहतो. माडाखाली भोक पडलेले कोवळे नारळ पडलेले दिसले तर तो याचाच उद्योग समजा. झावळी छपराला टेकली की तिच्यावरून सरळ घरात. अंगठा जाईल एवढी फट याला पुरते. लेंडी एक सव्वा सेंटिमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती. जाळ्यांचं नुकसान बहुतेक हाच करतो.

घूस. ही जमिनीतली. कुंपणाच्या कडेला, गटाराजवळ, चिऱ्यांच्या जोत्याखाली बीळ आणि बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग. मोठी घूस मांजरालाही भीत नाही. जोतं पोखरलं की भिंतीला तडा जातो, ते नुकसान वेगळंच.

एक चौथं जनावर आहे, ते उंदीर नव्हे. चिचुंद्री. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, उग्र वास, भिंतीच्या कडेने चक् चक् करत पळते. ती झुरळं आणि किडे खाते. जाळी कुरतडत नाही. पिंजऱ्यात सापडली तर बाहेर सोडून द्या.

२. घरात उंदीर आहे हे कशावरून कळणार?

उंदीर दिसेपर्यंत थांबू नका. तो रात्री फिरतो. भर दिवसा समोरून जायला लागला म्हणजे बहुतेक वेळा त्यांची संख्या वाढलेली असते. त्याआधी या खुणा बघा.

लेंड्या. ताज्या काळ्या, मऊ आणि चमकदार असतात, जुन्या करड्या आणि हाताळल्यावर भुगा होणाऱ्या. एक लहान उंदीर दिवसाला पन्नासच्या वर लेंड्या टाकतो, म्हणून मूठभर लेंड्या दिसल्या म्हणजे पन्नास उंदीर आले असं समजू नका. जागा झाडून (कशी, ते पुढे सांगतो) दुसऱ्या दिवशी परत बघा. नव्या पडल्या तर पाहुणा अजून आहे.

भिंतीच्या कडेला, वाशावर काळपट तेलकट पट्टा. उंदीर रोज एकाच वाटेने जातो, अंगाचा मळ त्या वाटेला लागतो.

कुरतडल्याच्या ताज्या, फिकट रंगाच्या खुणा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे पोट भरलेलं असलं तरी तो कुरतडतोच. वायर, नळी, साबण, प्लास्टिकचा डबा, काहीच त्याला वर्ज्य नाही.

रात्री छपरात खुडखुड, बंद खोलीत मुताचा उग्र दर्प, जाळ्याच्या ढिगात कापसासारखा पिंजलेला गोळा. तो गोळा म्हणजे घरटं.

खात्री करायची सोपी युक्ती: रात्री झोपताना भिंतीच्या कडेला पिठाचा पातळ थर पसरा. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ दिसते, आणि वाट कुठून कुठे जाते तेही कळतं. सकाळी ते पीठ पुसून टाका.

३. घाई का करायची, त्याचा हिशेब

लहान उंदराची मादी साधारण २० दिवसांत विते. एका वेळी सहा पिल्लं धरा. व्याल्यानंतर लगेच ती परत गाभण राहू शकते. पिल्लं दीड महिन्यात स्वतः पिल्लं घालायला तयार होतात.

आता १ जूनला एक नर-मादी तुमच्या मांगरात शिरली. २१ जूनच्या सुमारास सहा पिल्लं. १२ जुलैच्या सुमारास आणखी सहा. म्हणजे ३१ जुलैला तुम्ही जाळी काढायला जाल तेव्हा दोनाचे चौदा झालेले आणि पहिली पिल्लं वाढून जोडीला लागायच्या बेतात. काही मरतात, काही मांजर नेतं, हे खरं. पण १ जूनला एका पिंजऱ्यात संपणारं काम ऑगस्टला महिनाभर पुरतं, ते यामुळे.

४. खाणं बंद करा

औषध आणि पिंजरा नंतर. पहिलं काम हे. घरात खाणं उघडं असेल तर पिंजऱ्यातला तुकडा त्याला नको असतो.

तांदूळ, कडधान्य, खारं, गालमो पत्र्याच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवा. प्लास्टिकचा डबा काळा उंदीर एका रात्रीत फोडतो. गोणी असेल तर जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका. भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून फूटभर उंच फळीवर ठेवा, म्हणजे खाली झाडता येतं आणि लेंडी पडली तर दिसते.

सुकं मासळीचं बोचकं वाशाला टांगून ठेवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ती चांगली, पण दोरीवरून काळा उंदीर सहज उतरतो. दोरीच्या मध्ये एक पत्र्याची थाळी भोक पाडून उपडी ओवा. थाळीच्या काठावरून तो खाली येऊ शकत नाही.

मासे साफ केल्यावर डोकी, आतडी, खवले मागच्या दारी टाकू नका. झाकणाच्या बादलीत ठेवा आणि त्याच दिवशी माडाच्या आळ्यात खोल पुरा. रात्री कुत्र्या-मांजराचं उरलेलं खाणं उचला. चवथीला माटोळी बांधली की पिकलेली फळं, सुपारी, काकड्या यांचा वास छपरापर्यंत जातो. फळ मऊ पडलं की लगेच काढून घ्या. उंदीरमामा गणपतीचं वाहन आहे, त्याचा मान मूर्तीपुढे. माळ्यावर नको.

५. वाटा बुजवा

भर दुपारी दारं-खिडक्या बंद करून आत अंधार करा आणि बघा उजेड कुठून येतो. प्रत्येक उजेडाची फट ही उंदराची वाट. कागदावर लिहून घ्या. मग एकेक बुजवा.

दाराच्या खाली पत्र्याची पट्टी ठोका, फट करंगळीपेक्षाही बारीक राहिली पाहिजे. भिंतीतून पाण्याची नळी किंवा वायर जाते तिथे भोवती सिमेंट भरा. मोरीच्या तोंडाला जाळी लावा. खिडकी आणि वाऱ्याच्या झरोक्याला लोखंडी जाळी, घर अर्ध्या सेंटिमीटरचं. कौलांच्या आणि भिंतीच्या मधली पोकळी ही आपल्या जुन्या घरांची मोठी वाट आहे, तिथे जाळी वळवून घट्ट बसवा.

भांडी घासायच्या तारेचा चोथा भोकात कोंबला की उंदीर तो कुरतडत नाही, असं सगळीकडे सांगतात. ते बरोबर आहे. पण आपल्याकडे खारं वारं आहे. नुसता चोथा काही महिन्यांत गंजून गळतो. म्हणून चोथा कोंबा आणि वरून सिमेंट लावा. कापड, कागद, जुन्या जाळ्याचा बोळा, फोम हे काही टिकत नाही.

घराला टेकणाऱ्या झावळ्या आणि फांद्या तोडा, निदान एक-दीड मीटर अंतर राहू द्या. माडाला जमिनीपासून दोन मीटर उंचीवर ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर उंदीर चढू शकत नाही. पण माड एकमेकांना टेकलेले असतील तर एकाला पत्रा लावून उपयोग नाही, कारण तो शेजारच्या माडावरून येतो.

एक ध्यानात ठेवा. उंदीर आत असताना सगळ्या वाटा एकदम बुजवल्या तर तो आतच मरतो किंवा नवीन भोक पाडतो. आधी बाहेरच्या मुख्य वाटा बुजवा, आतले पिंजऱ्यात धरा, मग शेवटचं भोक बंद करा.

६. पिंजरा आणि चाप

घरात आम्ही पहिली शिफारस चापाची करतो. स्वस्त, विष नाही, आणि मेलेला उंदीर समोर दिसतो. छपरात कुठेतरी मरून आठवडाभर वास मारत नाही.

चाप खोलीच्या मध्ये ठेवू नका. भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. लहान उंदरासाठी दोन-दोन मीटरवर एक, चार-पाच चाप एकाच रात्री लावा. एक चाप महिनाभर लावण्यापेक्षा पाच चाप तीन रात्री लावणं जास्त कामाचं.

आमिष चण्याएवढंच, पण चापाला घट्ट बांधलेलं. सुक्या सुंगटाचा तुकडा, भाजलेलं खोबरं, शेंगदाण्याचा कूट गुळात मळून. मांगरात जिथे सगळीकडे मासळीचाच वास आहे तिथे सुंगट चालत नाही, तिथे खोबरं लावा. जे त्याला सहज मिळत नाही तेच आमिष.

काळा उंदीर आणि घूस नव्या वस्तूला घाबरतात. चाप आला की दोन-तीन दिवस जवळ येत नाहीत. म्हणून पहिल्या तीन रात्री चाप न ताणता नुसतं आमिष ठेवा. खायची सवय लागली की चौथ्या रात्री ताणा. लहान उंदीर मात्र चौकस असतो, तो पहिल्याच रात्री सापडतो. पहिल्या रात्री सापडला नाही तर जागा बदला.

पिंजऱ्यात जिवंत धरून पलीकडच्या वाड्यावर नेऊन सोडणं हा उपाय नव्हे. तुमचा त्रास शेजाऱ्याला दिला इतकंच. आणि चिकट गोंदाचे पॅड वापरू नका. त्यात उंदीर तासन् तास तडफडतो, भीतीने मुततो, तेच पाणी आपण टाळायचं आहे. पाल, पक्षी, मांजराचं पिल्लूही त्यात अडकतं. भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही राज्यांना या पॅडविरुद्ध सूचना केलेल्या आहेत.

मांजर पाळा, उपयोग आहे. पण मांजर आहे म्हणून डबा उघडा ठेवू नका. गव्हाणी घुबड आणि धामण हे तर आपले फुकटचे राखणदार आहेत. धामण विषारी नाही, ती मारू नका. उलट ज्या घरात उंदीर तिथे नाग, घोणस, मण्यारही मागोमाग येतात. उंदीर घालवला की साप आपोआप कमी होतात. मांगरात हात घालण्यापूर्वी बॅटरी मारून काठीने ढीग हलवायची सवय ठेवा.

७. विष: हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचायचा आहे

बाजारात उंदराचं विष मुख्य तीन तऱ्हेचं मिळतं.

पहिलं, रंगीत वड्या किंवा केक. यात ब्रोमाडिओलोनसारखं रक्त पातळ करणारं औषध असतं. उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो. माणसाच्या पोटात गेलं तर व्हिटॅमिन के हा उतारा डॉक्टरकडे आहे, पण लक्षणं दोन-तीन दिवस दिसत नाहीत, म्हणून फसायला होतं.

दुसरं, काळी पूड, झिंक फॉस्फाइड. पोटात गेल्यावर त्यातून विषारी वायू तयार होतो. याला खास उतारा नाही.

तिसरं, ट्यूबमधली पेस्ट, पिवळ्या फॉस्फरसची. तिन्हीत घातक ही. दिसायला टूथपेस्टसारखी. लहान मुलांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी चुकून दातांना लावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी थोडी उलटी, मग एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो. घरचे म्हणतात, काही झालं नाही. नंतर यकृत निकामी होतं. याला उतारा नाही. ही पेस्ट घरात आणूच नका, एवढं आमचं स्पष्ट सांगणं आहे.

विष वापरायचंच झालं तर फक्त वड्या, त्याही बंद पेटीत, जिच्यात उंदीर शिरेल पण मुलाचा हात किंवा मांजराचं तोंड जाणार नाही. भाकरीला, सुंगटाला विष लावून ताटलीत ठेवू नका. पाळण्याच्या, चुलीच्या, पाण्याच्या जवळ नको. किती वड्या ठेवल्या ते लिहून ठेवा आणि उरलेल्या मोजून परत घ्या. पाकीट मूळ वेष्टनातच कुलपात ठेवा. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. बंदीचे दिवस हाताला काम नसण्याचे, कर्जाच्या हप्त्याचे, घरात ताणाचे असतात. अशा वेळी हाताशी विष नसलेलंच बरं. आपल्या माणसाचं मन थाऱ्यावर दिसत नसेल तर विष घराबाहेर काढा आणि त्याच्याशी बोला, त्याला एकटं सोडू नका.

कोणाच्याही पोटात विष गेलं, किंवा नुसता संशय आला, तर १०८ ला फोन करा. बोटं घालून उलटी करायला लावू नका. दूध, तूप, तेल पाजू नका. विषाचं पाकीट बरोबर न्या. माणूस ठणठणीत दिसला तरी न्या. "बघू सकाळी" म्हणायचं नाही.

८. होडी, मोटर आणि जाळी

जाळी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कडक सुकवल्याशिवाय आत ठेवू नका. मासळीचा वास आणि अडकलेले खवले हेच पहिलं बोलावणं. ढीग करून कोपऱ्यात टाकण्यापेक्षा वाशाला आडवा बांबू टांगून त्यावर जाळी घाला, भिंतीपासून लांब. बांबूच्या दोऱ्यांना वर सांगितल्यासारख्या थाळ्या ओवा. टांगायला जागा नसेल तर पत्र्याच्या पिंपात झाकण लावून ठेवा. दर दहा दिवसांनी जाळं हलवा, उलटं-सुलटं करा. उंदराला गडबड नको असते. हलवलेल्या ढिगात तो घरटं करत नाही. पावसाळ्यात हे काम मुलांनाही देता येतं, जाळं विणायला शिकवता शिकवता.

मोटर आडवी टाकू नका, घोडीवर उभी ठेवा. पेट्रोलची टाकी आणि नळी काढून नळी पत्र्याच्या डब्यात ठेवा. मोटरीच्या झाकणाखाली उंदीर घरटं करतो, म्हणून महिन्यातून एकदा झाकण उघडून बघा. ऑगस्टला मोटर चालू करण्यापूर्वी नळी पूर्ण लांबीने हातातून फिरवा, वाकवून बघा. कुरतडलेली नळी दर्यात पेट्रोल गाळते, आणि आग लागली तर पळायला जागा नसते. नळीला पट्टी गुंडाळून काम चालवू नका, बदला. बॅटरीच्या आणि जीपीएसच्या वायरी तशाच तपासा.

लाइफ जॅकेट उघडून आतला फोम बघा. वरून कापड धड आणि आतून कुरतडलेलं जॅकेट माणसाला तारत नाही.

ओढलेल्या होडीखाली ओंडके लावा, पोटाखाली कचरा साठू देऊ नका. झावळ्या घातल्या असतील तर त्यांच्यात घरटं होतं, त्यावरून ताडपत्री घट्ट बांधली आणि आतून फळ्या रिकाम्या ठेवल्या तर होत नाही. खाण्याचे डबे, आमिषाची पिशवी, मासळीची थर्माकोल पेटी होडीत ठेवू नका.

९. लेप्टो: ताप आला तर काय करायचं

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात येतात. आपल्या अंगावरच्या जखमेतून, भेगांतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. आता आपला धंदा बघा. हाताला सुंगटाचा काटा, जाळ्याच्या दोरीने चिरलेली बोटं, पायाला कालवांनी कापलेलं. आणि पाय दिवसभर पाण्यात. हा आजार शेतकऱ्यांना आणि आपल्यालाच जास्त का गाठतो ते यावरून समजेल.

तिळारीचं पाणी सोडलं की साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात काय होतं ते २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पेडणे-डिचोलीकरांनी पाहिलं आहे. पुराचं पाणी घरात शिरतं तेव्हा बिळांतली सगळी घाण त्याच्याबरोबर येते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पावसानंतर लेप्टोने माणसं गेली. केरळात २०१८ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी होड्या ट्रकांवर चढवून आतल्या गावांत नेल्या आणि हजारो माणसं वाचवली. पाणी ओसरल्यावर तिथेही लेप्टोची साथ आली आणि पाण्यात उतरलेल्या लोकांना सरकारने डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या वाटल्या. उद्या आपल्या नदीला पूर आला तर पहिली होडी आपलीच लागणार आहे. त्या वेळी ही गोळी आपल्याला घ्यावी का, ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला विचारा. गरोदर बाई आणि लहान मुलांना ती परस्पर द्यायची नाही.

लक्षणं पाण्याशी संबंध आल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात: एकदम जोराचा ताप, थंडी, डोकं दुखणं, पोटऱ्या आणि कंबर एवढी दुखणं की चालवत नाही, डोळे लाल होणं. पुढे डोळे पिवळे, लघवी कमी, श्वासाला त्रास, थुंकीत रक्त. पुढची लक्षणं दिसेपर्यंत थांबलात तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस यांच्यावर गेलं असं समजा.

सुरुवातीला साध्या, स्वस्त प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो. म्हणून ताप आल्यावर दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात जा. पेडणेकरांना तुयें किंवा कासारवर्णे, डिचोलीकरांना डिचोलीचं सामाजिक आरोग्य केंद्र जवळ. पुढे म्हापशाचं जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचं गोमेकॉ. डॉक्टरला स्वतःहून सांगा: "मी मासेमारी करतो, पाण्यात पाय होते, जखम आहे, मांगरात उंदीर आहेत." हे एक वाक्य डॉक्टरला लेप्टोकडे बघायला लावतं. पहिल्या आठवड्यात रक्ताच्या तपासात कधी कधी काही सापडत नाही, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल" म्हणून ताप अंगावर काढू नका. आणि अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नका, त्या मूत्रपिंडावर येतात.

उंदीर चावला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं.

१०. झाडू नका, भिजवा

सुक्या लेंड्या झाडल्या की धूळ उडते आणि नाकातोंडात जाते. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास वारा खेळू द्या. हातात रबरी मोजे, नाकाला कापड. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं करून लेंड्यांवर आणि घरट्यावर शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने उचला. फडकं आणि लेंड्या दोन पिशव्यांत बांधा. मेलेला उंदीर हाताने उचलू नका, गटारात, नदीत, दर्यात टाकू नका. खोल पुरा. डब्यावर किंवा बाटलीवर उंदीर फिरल्याचा संशय असेल तर तोंड लावण्यापूर्वी धुऊन घ्या.

आणि विष घातलेलं नसताना एकाच जागी बरेच उंदीर मेलेले दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. यामागे इतिहास आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत बंदराजवळच्या मांडवी भागात ताप आणि जांघेत गाठ आलेले रोगी दिसू लागले. ही प्लेगची साथ आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते आपल्या बार्देशातल्या हडफडेचे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी आणि गलबतांचा माल, उंदरांचं माहेर. पुढे १८९८ मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर सायमंड यांनी दाखवून दिलं की मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसावर येतात आणि रोग देतात. आज प्लेगला औषध आहे, घाबरायचं कारण नाही. पण मेलेला उंदीर ही बातमी असते, आणि ती दाबून ठेवायची नसते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

११. एकट्याने होत नाही

तुम्ही घर बुजवलं आणि शेजारचा मांगर उघडा, तर उंदीर दोन रात्रींत तिथून परत येतो. म्हणून वाड्यावर एकाच आठवड्यात सगळ्यांनी मिळून करा. आमची सूचना अशी:

मेच्या शेवटच्या आठवड्यात: जाळी धुणं-सुकवणं, फटी बुजवणं, झावळ्या तोडणं.
जूनच्या पहिल्या आठवड्यात: सगळ्या वाड्यावर एकाच वेळी चाप.
जून-जुलै: दर दहा दिवसांनी जाळी हलवणं, मोटर बघणं, लेंड्या तपासणं.
जुलैच्या शेवटच्या आठवड्यात: नळी, वायर, लाइफ जॅकेट, बोये तपासणं.
चवथीपूर्वी: पुन्हा एकदा चाप.

ज्यांच्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत त्यांच्या छपराची फट शेजारच्या पोरांनी बुजवून द्यावी. ज्यांनी काही वेगळी युक्ती वापरून उपयोग झाला असेल त्यांनी संस्थेत येऊन सांगावी, इतरांनाही कळवू. हा लेख घरच्या ग्रुपवर पाठवा, विशेषतः विषाचा आणि तापाचा भाग.

जाळी शाबूत, मोटर शाबूत आणि माणूस धडधाकट, अशी १ ऑगस्टला सगळ्यांची होडी पाण्यात जावो.